वायर तुटली तर?

ट्रेलर म्हटलं की हल्ली लोकांना आधी सिनेमाचा आठवतो. आम्ही चेंबूरकर मात्र हा शब्द रस्त्यावर शिकलो. सायन-ट्रॉम्बे रस्ता ओलांडायला उभं राहावं, समोरून एखादी न संपणारी गाडी यावी, पुढे छोटंसं डोकं आणि मागे चाळीस फुटी पेटी, की बरोबरचं कुणीतरी म्हणणारच, "ट्रेलर आहे, जाऊ दे त्याला आधी." ट्रेलरशी वाद घालायचा नाही हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी कळतं.

मध्यंतरी हाच शब्द वेगळ्या वाटेने घरात आला. माझा भाचा अमेरिकेत ओहायोत असतो. त्याने सामान वाहायचा एक छोटा, जुना ट्रेलर घेतलाय. गाडीच्या मागे लावायचा आणि लाकडं, बागेतला पालापाचोळा, वेळप्रसंगी मित्राचा सोफा असं काय काय न्यायचं. त्याचे दिवेही बंद आणि ब्रेकही बंद. म्हणून साहेब सुटीच्या दिवशी गॅरेजात बसून स्वतःच वायरिंग करतायत. (माणूस बोलावला तर मजुरीत दुसरा ट्रेलर येईल म्हणतो.) व्हिडिओ कॉलवर त्याने मला वायरींचा गुच्छ दाखवला. पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या बाजूची, हिरवी उजव्या बाजूची आणि निळी ब्रेकची. "मामा, ब्रेकला वेगळी वायर! तुम्ही कधी असा ट्रेलर पाहिलाय का?"

अरे बाबा, पाहिलाय काय विचारतोस! तुझा मामा जन्मभर ट्रेलरमध्ये बसूनच व्हीटीला जात आला. तुझी आईसुद्धा.

हे त्याला फोनवर नीट समजावता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. बाकी मंडळींनीही वाचावं. रोज ज्या डब्यात आपण लटकतो त्याला रेल्वेवाले काय म्हणतात आणि तो थांबतो कसा, हे फारसं कुणी विचारत नाही. थांबतो ना, मग झालं!

लोकलमध्ये दोन जातींचे डबे असतात. एक मोटर कोच आणि दुसरा ट्रेलर कोच. मोटर कोचच्या टपावर पेंटोग्राफ असतो, तो तारेतून वीज घेतो. त्याच्या पोटात विजेची सगळी यंत्रं आणि चाकांना मोटरी. ट्रेलरला यातलं काही नाही. तो नुसता ओढला जातो किंवा ढकलला जातो. आपल्या जुन्या गाड्यांत साधारण तीन डब्यांमागे एक मोटर कोच असा हिशोब. म्हणजे नऊ डब्यांच्या गाडीत तीन आणि बारा डब्यांच्या गाडीत चार. उरलेले सगळे ट्रेलर. पायाखाली घूंऽऽ असा चढत जाणारा आवाज येत असेल तर समजावं, आपण मोटर कोचात आहोत. गाडी सुटताना पायाखाली शांतता असेल तर ट्रेलर. झोपायचं असेल तर ट्रेलर चांगला, हे जुन्या पासधारकांना कुणी न सांगता ठाऊक असतं.

आता आमच्या लाईनीबद्दल थोडं. कुर्ल्याहून चेंबूरकडे रूळ टाकले गेले 1906 साली. माणसांसाठी नव्हे बरं का, मुंबईचा कचरा गाडीत भरून इकडे आणून टाकायला! प्रवासी गाड्या सुरू झाल्या 1924 साली. त्याआधी अठरा वर्षं या रुळांवरून फक्त घाण आली. (चेंबूरची पुढची बरीच वर्षंसुद्धा या एका वाक्यात मावतात. असो.)

आणि 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला, हार्बरच्या मार्गाने, भारतातली पहिली विजेवरची गाडी धावली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन, रेल्वे जीआयपी, तारेत 1500 व्होल्टची डीसी वीज. चेंबूरच्या फाट्यावर वीज पोचली ती त्यानंतर. पण देशातली पहिली विजेची गाडी येऊन थांबली ती आमच्या बाजूच्या कुर्ल्यात, याचा अभिमान आम्ही कुणाला न विचारता वाटून घेतलेला आहे.

विजेची गाडी आली म्हणजे नेमकं काय बदललं? धूर गेला, वेग वाढला, हे सगळे सांगतात. पण आणखी एक गोष्ट झाली. कोळशाच्या गाडीत पुढे इंजिन आणि मागे डबे. विजेच्या लोकलमध्ये मोटरी गाडीभर विखुरलेल्या, आणि त्या सगळ्यांनी एका माणसाच्या मुठीने एकाच वेळी चालायचं. म्हणजे पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत त्या मुठीचा निरोप पोचवणारी वायर हवीच. ती वायर ट्रेलरमधूनच जाणार, कारण दोन मोटर कोचांच्या मधे तेच असतात. स्वतःला काही नको असलं तरी ट्रेलरच्या पोटातून सगळ्यांचे निरोप जातात.

फलाटावर गाडी उभी असताना दोन डब्यांच्या मधल्या फटीत बघा (लांबूनच!). दोन डब्यांना जोडणारा मजबूत लोखंडी कपलर खाली दिसेल. त्याच्या आजूबाजूला रबरी नळ्या, त्यात दाबलेली हवा. आणि वर झोपाळ्यासारख्या लोंबणाऱ्या जाडजूड काळ्या केबल. त्यांना जंपर म्हणतात. एकेका जंपरच्या आत पुष्कळ बारीक वायरी असतात. काही मोटरींसाठी, काही ब्रेकसाठी, काही दिव्या-पंख्यांसाठी, काही गार्डच्या घंटीसाठी. भाच्याच्या हातातला पाच-सात रंगांचा गुच्छ म्हणजे या जंपरचं शेंडेफळ समजा.

आधी दिव्यांचं सांगतो, कारण ते सोपं आहे आणि सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

1500 व्होल्ट थेट दिव्याला देता येत नाहीत. म्हणून जुन्या डीसी गाड्यांत मोटर कोचमध्ये एक मोटर-जनरेटर संच असायचा. तारेतल्या विजेवर मोटर फिरायची, तिच्या जोरावर जनरेटर हलकी वीज काढायचा, आणि ती जंपरमधून शेजारच्या ट्रेलरमध्ये जायची. वरची तार सलग नसते, तिचे तुकडे पाडलेले असतात, म्हणजे एका तुकड्यात बिघाड झाला तर दुसरा चालू राहतो. दोन तुकड्यांच्या सांध्यावरून पेंटोग्राफ गेला की क्षणभर वीज नाही. दिवे मिणमिणायचे, पंख्यांचा आवाज उतरायचा, आणि मग सगळं पुन्हा जिवंत व्हायचं. ठराविक ठिकाणी, रोज. नव्या माणसाला वाटायचं गाडी बंद पडली. जुना माणूस पेपर तसाच धरून दोन सेकंद थांबायचा आणि त्याच ओळीपासून पुढे वाचायचा. अंधारातसुद्धा एखाद-दुसरा दिवा जळत राहायचा, तो बॅटरीवरचा. ब्रेकचे आणि इतर निरोप नेणाऱ्या वायरीही बॅटरीच्या आधारावर असतात, कारण तार गेली तरी मोटरमनचा निरोप जायलाच हवा.

आता ब्रेक. इथे खरी गंमत आहे, आणि भाच्याने लक्ष द्यावं ते इथेच.

लोकलचा रोजचा ब्रेक विजेचा आणि हवेचा मिळून असतो. त्याला ईपी ब्रेक म्हणतात, इलेक्ट्रो-न्यूमॅटिक. चाकाला घट्ट धरायचं काम हवाच करते. पण हवेला 'आता लाग' आणि 'आता सोड' हे सांगायचं काम वीज करते. प्रत्येक डब्याखाली विजेवर चालणाऱ्या दोन छोट्या झडपा असतात. एक हवा ब्रेकच्या सिलिंडरमध्ये सोडते, दुसरी तिची बाहेर जायची वाट अडवते. मोटरमनने मूठ फिरवली की दोन्हींना वीज मिळते आणि ब्रेक लागतो. हवा पुरेशी झाली की पहिलीची वीज काढायची आणि दुसरीची ठेवायची, म्हणजे ब्रेक आहे तितकाच टिकतो. दोन्हींची काढली की हवा फुस्स करून बाहेर आणि ब्रेक सुटला. फलाटावर गाडी थांबताना ऐकू येणारे सुस्कारे ते हेच.

नुसत्या हवेवर का नाही भागत? कारण हवेचा निरोप पाइपमधून डब्याडब्याने मागे सरकत जातो. पुढचे डबे आधी धरतात, मागचे अजून धावतच असतात, ते पुढच्यांवर येऊन आदळतात. लांब पल्ल्याच्या गाडीला चालतं, ती तासाभराने थांबते. आमची लोकल कुर्ल्याला थांबली की टिळक नगर, टिळक नगरहून चेंबूर, चेंबूरहून गोवंडी, लगेच मानखुर्द. दर दोन-तीन मिनिटांनी थांबायचं, फलाटाच्या नेमक्या टोकाला, आणि दारात लटकलेल्या माणसांसकट. तिथे सगळ्या डब्यांनी एकाच क्षणी धरावं लागतं, आणि तेवढी घाई विजेलाच जमते.

पण वरचा परिच्छेद पुन्हा वाचा. वीज दिली तर ब्रेक लागतो. वीज काढली तर सुटतो.

मग वायर तुटली तर?

हा प्रश्न लोकलच्या आधीपासूनचा आहे. आगगाडीच्या पहिल्या काही दशकांत ब्रेक म्हणजे इंजिनाला एक आणि काही डब्यांवर हाताने चाक फिरवून आवळायचे. इंजिनाने शिट्टी द्यायची आणि मागच्या माणसाने चाक आवळायचं. आपला बोरघाट 1863 साली सुरू झाला तो या जमान्यात. घाटात मधे रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तिथे गाडीचं तोंड बदलून पुढे उतरायचं. 1869 साली उतरणारी एक गाडी तिथे आवरलीच नाही, टोकाचे अडथळे तोडून पलीकडे गेली. घाटात आजही कॅच सायडिंग आहेत, म्हणजे चढावर नेणारे रिकामे फाटे. उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा मुळात त्या फाट्याकडेच वळवलेला असतो. गाडीने थांबून दाखवायचं, म्हणजे खालचा रस्ता मिळतो. मला ही पद्धत फार आवडते. थांबता येतं हे सिद्ध केल्याशिवाय पुढे जायचं नाही!

अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊसने 1869 साली हवेचा ब्रेक काढला. इंजिनावर हवा दाबायची, पाइपने मागे पाठवायची, हवा आली की ब्रेक लागला. पण पाइप फुटला की ब्रेकच नाही. म्हणजे आपला तोच प्रश्न. मग 1872 मध्ये त्याने सगळं उलटं केलं. पाइपमध्ये हवा कायम भरलेली ठेवायची, आणि प्रत्येक डब्याखाली त्या डब्याची स्वतःची हवेची टाकी. पाइपमध्ये दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला. दाब गेला की डब्याखालची झडप टाकीतली हवा ब्रेकला देते. दाब मोटरमनने काढो, पाइप फुटो, किंवा डबाच सुटून जावो, परिणाम एकच. डब्याला कुणी 'थांब' म्हणायची गरजच उरली नाही. पुढच्याचा आवाज बंद झाला की तो आपणहून थांबतो.

इतकी साधी गोष्ट, पण ती सगळ्यांच्या गळी उतरायला सतरा वर्षं आणि एक भयंकर अपघात लागला. 12 जून 1889, आयर्लंडमधलं आर्मा. रविवारच्या धर्मशाळेची मुलं सहलीला निघाली होती, गाडी खच्चून भरलेली. चढावर इंजिनाचा दम संपला. गाडीवरच्या लोकांनी ठरवलं की मागचे डबे सोडून पुढचा भाग आधी वर न्यायचा. त्या गाडीला ब्रेक व्हॅक्यूमचे होते, पण साधे. इंजिनाशी जोड आहे तोवरच चालणारे. डबे सोडवले आणि मागच्या भागाचा ब्रेक गेला. उरला फक्त गार्डच्या डब्यातला हाताचा ब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड. पुढची गाडी निघताना किंचित मागे सरली, धक्का लागला, दगड चिरडले आणि दहा डबे उतारावरून मागे सुटले. मागून दुसरी गाडी येत होती. ऐंशी माणसं गेली, त्यात मुलं कितीतरी. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला. प्रवासी गाडीला सलग ब्रेक हवेत, आणि गाडी तुटली तर ते आपोआप लागले पाहिजेत.

'आपोआप' या शब्दाची ही किंमत.

म्हणून लोकलमध्ये विजेच्या ब्रेकच्या खाली दुसरा ब्रेक निमूट बसलेला असतो. डब्यांमधल्या त्या रबरी नळ्यांपैकी एक ब्रेक पाइपची, त्यात चौरस सेंटिमीटरला पाच किलोच्या आसपास दाब. ती तुटली, की जंपरमध्ये वीज असो वा नसो, सुटलेला भाग आणि उरलेला भाग दोन्ही थांबतात. मोटरमनच्या मुठीचंही तसंच. ती दाबून धरावी लागते. त्याला चक्कर आली, हात सुटला, की याच पाइपमधली हवा जाते आणि गाडी थांबते. रोजच्या कामाला विजेचा ब्रेक, कारण तो चपळ. आणि जीव जायच्या वेळेला हवेचा, कारण त्याला कुणी सांगावं लागत नाही. आमच्या इमारतीत कुर्ला कारशेडमधून निवृत्त झालेले एक काका होते. ईपी ब्रेकला ते हुशार पण विसरभोळा म्हणायचे आणि हवेच्या ब्रेकला मंद पण इमानी. मला यापेक्षा चांगलं सांगता येणार नाही.

मागच्या दिव्याचंही असंच. गाडीच्या शेवटच्या डब्यावरचा लाल दिवा मागून येणाऱ्यासाठी असतो हे खरंच, पण त्याचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं. लांब पल्ल्याच्या गाडीच्या शेवटच्या डब्यावर 'एलव्ही' अशी पाटी असते, रात्री तांबडा दिवा. गाडी स्टेशनातून गेली की तिथला माणूस तो पाहतो. दिसला, म्हणजे गाडी अख्खी आली. नाही दिसला, तर कदाचित मागे रुळावर कुठेतरी काही डबे उभे आहेत, आणि मागच्या गाडीला सोडायचं नाही. ब्रेक सुटलेल्या डब्याला थांबवतो आणि दिवा इतरांना सांगतो की काहीतरी सुटलंय. दोन्ही मिळून काम पुरं होतं.

नव्या गाड्या आल्या तसं बरंच बदललं. 2007 पासून धावू लागलेल्या सीमेन्सच्या यंत्रणेच्या लोकल ब्रेक लावताना मोटरींचा जनरेटर करतात आणि तयार झालेली वीज तारेत परत सोडतात. ब्रेक म्हणजे नुसतं घासून तापवणं राहिलं नाही. पण यातही ट्रेलर बिचारा कोरडाच, कारण त्याच्या चाकांना मोटरच नाही. मोटर कोच विजेने धरतो, कमी पडेल ती भर हवेच्या ब्रेकने. म्हणजे ट्रेलरला आजही पाइप आणि वायर दोन्ही लागतात.

डीसी वीज मात्र गेली. वेस्टर्नची 2012 मध्ये, सेंट्रलच्या मेन लाईनची 2015 मध्ये, आणि सगळ्यात शेवटी आमच्या हार्बरची. 9 एप्रिल 2016 च्या रात्री शेवटची डीसी लोकल कुर्ल्याहून सीएसटीला गेली. म्हणजे 1925 साली पहिली जिथे आली, शेवटची तिथूनच निघाली. एक्क्याण्णव वर्षं! मधल्या काळात व्हीटीचं सीएसटी झालं होतं, पुढच्याच वर्षी सीएसएमटी झालं. 2022 पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. नावं बदलली, पण पाच किलो दाब तोच राहिला.

आता भाच्याच्या ट्रेलरकडे. त्याच्या निळ्या वायरीच्या टोकाला, चाकाच्या ड्रमच्या आत, एक विद्युतचुंबक आहे. गाडीतून वीज आली की तो ड्रमच्या फिरत्या पृष्ठभागाला चिकटू पाहतो, त्याबरोबर थोडा ओढला जातो, आणि तो ओढला गेला की त्याला जोडलेला दांडा ब्रेकचे शू बाहेर ढकलतो. झकास युक्ती आहे. जितकी वीज जास्त तितकी पकड जास्त. पण आलं ना लक्षात? वीज दिली तर ब्रेक, नाही दिली तर नाही. कपलर निसटला आणि वायर तुटली की हा ट्रेलर 1889 च्या आर्मातला ट्रेलर होतो.

म्हणूनच अमेरिकेत त्यावर आणखी एक छोटी डबी बसवतात. त्यात एक बॅटरी आणि एक खटका, आणि खटक्यात एक पिन. पिनला बांधलेली तार पुढच्या गाडीला अडकवायची. ट्रेलर सुटला की तार पिन ओढून काढते, खटका चालू होतो, आणि ट्रेलरचीच बॅटरी ब्रेकच्या चुंबकांना वीज देते. म्हणजे वेस्टिंगहाऊसची 'डब्याची स्वतःची टाकी', फक्त हवेऐवजी विजेची! तिकडच्या बऱ्याच राज्यांत ठराविक वजनाच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आणि ही सोय सक्तीची आहे. भाचा म्हणाला, दिवे आणि ब्रेक झाले, ती डबी नंतर बघू. मी म्हटलं, आधी डबी.

आणखी एक गोष्ट, ती पांढऱ्या वायरीची. अर्थिंग गाडीच्या लोखंडातूनच मिळतं, म्हणून पुष्कळ जण तिच्याकडे दुर्लक्ष करतात. कपलरचा गोळा गंजतो, त्यावर ग्रीस असतं, आणि परतीची वाट अडते. मग वीज मिळेल त्या वाटेने परत जाते. डावा इंडिकेटर लावला की उजवा दिवाही मिणमिणतो, ब्रेक दाबला की मागचे दिवे मंद होतात, आणि माणूस बल्ब बदलत बसतो. असा विचित्र बिघाड दिसला की बल्बला हात लावायच्या आधी पांढरी वायर पाहावी. अख्खी, सलग, खरवडून चकचकीत केलेल्या लोखंडाला घट्ट आवळलेली.

हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर दुसराच ट्रेलर येत राहिला. सायन-ट्रॉम्बे रस्त्यावरच्या त्या लांबड्या कंटेनरवाल्यांचं तसं बरं असतं. त्यांच्या डोक्याच्या आणि पेटीच्या मधे गुंडाळलेल्या स्प्रिंगसारख्या नळ्या दिसतात, त्यात हवा आणि वीज दोन्ही, आणि हवा गेली की मागचे ब्रेक लागतात. माझ्या डोळ्यांसमोर येते ती उसाची ट्रॉली.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगर, कुठल्याही रस्त्याने हिवाळ्यात रात्री गेलेल्या माणसाला ती ठाऊक आहे. एक ट्रॅक्टर, मागे एक नाही तर दोन ट्रॉल्या, ऊस कडांच्या बाहेर दोन्हीकडे लोंबणारा. गळीत हंगाम ऐन दिवाळीनंतर, धुकं पडायच्या दिवसांत. ट्रॉलीला बहुधा ब्रेक नाही, म्हणजे मागचं सगळं वजन ट्रॅक्टरच्या ब्रेकने धरायचं. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं. आणि मागे दिवा नाही. मोटरसायकलवाल्याला दिसतो तो फक्त काळोख, आणि मग अचानक ऊस. प्रत्येक हंगामात अशा धडकेच्या बातम्या येतात. आतल्या पानावर, चार ओळींत.

पोलीस आणि आरटीओवाले हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याच्या गेटवर जाऊन ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात. चांगली गोष्ट आहे, त्याने माणसं नक्की वाचली असतील. पण रिफ्लेक्टरला समोरून उजेड लागतो, आणि उसाचे वाढे त्यावरून खाली लोंबले की तो झाकला जातो. ड्रायव्हरला दोष देणं सोपं आहे. तो बिचारा खेपेवर पैसे मिळवतो, रात्रभर रांगेत उभा राहतो, ट्रॉली बहुतेक वेळा त्याची नसते. ट्रॉली गावातल्या वर्कशॉपमध्ये बनते, तिथे चॅनेल आणि पत्रा नीट जोडणारे कसबी हात आहेत. वायरिंग कुणी मागत नाही, म्हणून कुणी करत नाही. कधी केलंच तर पहिल्याच हंगामात मोळ्या चढवता-उतरवताना दिवा फुटतो आणि वायर तुटून खाली लोंबत राहते.

ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे असते ती एक लोखंडी पिन. जाड, हातभर, वरून ठोकलेली, खाली कधी क्लिप, कधी वाकवलेला खिळा. पहिल्या आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या मधेही तशीच एक.

आणि गंमत म्हणजे, बऱ्याचशा नव्या ट्रॅक्टरना मागच्या बाजूला सात पिनांचं गोल सॉकेट कंपनीतूनच येतं, झाकणासकट, ट्रॉलीच्या दिव्यांसाठीच. मागे गावी गेलो होतो तेव्हा साखर कारखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांची झाकणं मी उघडून पाहत गेलो. ड्रायव्हर लोक बघत होते हा कोण वेडा म्हणून. आतल्या पिना अगदी नव्या होत्या, पितळेचा रंगही गेला नव्हता.